दुपारनंतरचा पाय

पुसेगावात ब्लाउज शिवायचा म्हटलं की बाया कमलबाईचं नाव घ्यायच्या. बाजाराच्या रस्त्याला तिचं घर, ओसरीत मशीन, आणि मशीनच्या पायडलवर दिवसभर वरखाली होणारा तिचा उजवा पाय. लग्नसराईत तिच्याकडं कापडाचे गठ्ठे भिंतीला टेकून उभे असायचे. नवरा माणिकराव सोयाबीन आणि हळद बघायचा, ती मशीन बघायची, आणि दोघांचा एकुलता सोमेश्वर शाळेतून आला की आईच्या पायाशी बसून चिंध्यांचे चेंडू करायचा.

तिशी ओलांडली आणि त्या पायानं दगा द्यायला सुरुवात केली.

आधी नुसता अंगठा आत वळायचा. पायडलवर पाय ठेवला की थोड्या वेळानं बोटं चपलेत मुठीसारखी आवळायची, टाच वर व्हायची, घोटा आतल्या बाजूला कलायचा. ती पाय काढून चोळायची, परत ठेवायची. वर्षभरात पाठही आखडायला लागली. पण विचित्र गोष्ट अशी की सकाळी उठल्यावर तिला काहीच नसायचं. ती पाणी भरायची, भाकऱ्या थापायची, अंगण सारवायची. दुपार कलली की पाय लाकडासारखा व्हायचा. तासभर डोळा लागला तर उठल्यावर पुन्हा जरा मोकळा.

असल्या दुखण्यावर कोण विश्वास ठेवणार? सासू तेव्हा हयात होती. ती शेजारणींना सांगायची, सकाळी पोरीसारखी धावते अन् कामाची वेळ आली की लंगडते. हाडाच्या डॉक्टरनं संधिवात म्हटलं, दुसऱ्यानं अंगात रक्त कमी आहे म्हटलं, तिसऱ्यानं माणिकरावला बाजूला घेऊन विचारलं की घरात भांडणं होतात का. एका जाणत्यानं करणी काढून दिली, लिंबं उतरवली, तीन वाटा जिथं मिळतात तिथं नेऊन टाकायला लावली. कमलबाई सगळ्यांचं ऐकत गेली. तिला करणीची भीती नव्हती. तिला तिच्या थोरल्या बहिणीची आठवण यायची.

पारू तिच्याहून बरीच मोठी. माहेर साखऱ्याचं. पारूचेही पाय असेच वळायचे, म्हणून सासरच्यांनी तिला परत आणून घातलं होतं. आईवडील आधी मामे-आते भावंडंच, त्यामुळं माहेर आणि आजोळ एकच, लपायला दुसरं घर नाही. थोरला भाऊ रामकिशन तिला पाठीवर घेऊन देवाला न्यायचा. आणि एक दिवस ती विहिरीत सापडली. गाव म्हणालं, वैतागून उडी घेतली. घरानंही तेच मानलं, आणि त्यानंतर तिचं नाव कुणी काढलं नाही. कमलबाई तेव्हा परकर नेसायची. आता स्वतःचा वळलेला अंगठा बघताना तिला वाटायचं, की आपणही त्याच वाटेनं जाऊन राहिलो.

हिंगोलीच्या एका तरुण डॉक्टरनं तिला नांदेडला पाठवलं तेव्हा सोमेश्वर कॉलेजात जायला लागला होता. नांदेडच्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी तिला खोलीत चालायला लावलं, बोटं एकमेकांवर आपटायला लावली, सकाळ-दुपारचा फरक नीट विचारून घेतला. इतक्या वर्षांत तो फरक खोटा न मानता ऐकणारं पहिलं माणूस ते. मग त्यांनी गोळी दिली आणि बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. कमलबाई बसली. बऱ्याच वेळानं बाई स्वतः बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "उठा."

ती उठली. दारापर्यंत गेली, वळली, परत आली. पाय पाठीमागून येत होता, साधा, हलका, लग्नाआधीसारखा. माणिकराव भिंतीला टेकून उभा होता, त्यानं तोंड फिरवून घेतलं.

आजाराचं नाव पार्किन्सन. म्हाताऱ्यांचा आजार म्हणून ओळखतात, पण तरुण वयात झाला तर डॉक्टर त्याचं मूळ शोधतात. बाईंनी तिचं रक्त मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलं. काही महिन्यांनी उत्तर आलं की दोष जन्मापासूनचा आहे. कमलबाईनं मान हलवली. गोळीनं चालता येतं, मशीन चालवता येतं, एवढं तिला पुरेसं होतं. गोळीचा जोर ओसरला की अंग परत आखडायचं, पण पुढची घेतली की सुटायचं. ती घड्याळावर जगायला शिकली.

कोरोनाची दोन वर्षं सरली. सोमेश्वर हिंगोलीत बी-बियाणांच्या दुकानात लागला. रामकिशनची आरोही तिथंच बी.एस्सी. करत होती. दोघं एकाच बसनं यायचे-जायचे, आणि त्यांच्या मनात काय आहे हे सगळ्या नात्याला ठाऊक होतं. त्या दिवाळीत भाऊबीजेचं ताट समोर असताना रामकिशन बहिणीला म्हणाला की पोरगी आता शिकून झाली, तुझ्या घरात देतो, घरातली पोरगी घरात राहील. कमलबाईचे डोळे भरून आले. हा तोच भाऊ, ज्यानं तिच्या लग्नात शिलाई मशीन डोक्यावर घेऊन गाडीत चढवलं होतं. नवरा, सासू, डॉक्टर, सगळे शंका घेत होते तेव्हा हा एकटा दर महिन्याला येऊन गप्प बसून जायचा. तिचं दुखणं काय म्हणून त्यानं कधी विचारलं नाही. ते तिला प्रेम वाटायचं.

सुपारी फोडायचं ठरलं. त्याच्या आधी नांदेडची खेप होती, म्हणून कमलबाई पेढे घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी पेढा उचलला आणि सून कुठली म्हणून विचारलं. कमलबाई म्हणाली, मह्या भावाचीच पोरगी.

"सख्ख्या भावाची?"

"सख्ख्या."

बाईंनी पेढा कागदावर ठेवून दिला. त्यांनी बाहेरच्या पेशंटला थांबायला सांगितलं, खुर्ची पुढं ओढली आणि मागं एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायला सुरुवात केली. या खेपेस कमलबाई शब्दन् शब्द ऐकत होती, कारण पहिल्या वाक्यापासूनच तिला कळलं होतं की हे पायाबद्दल नाही.

"शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत मायटोकाँड्रिया नावाचे बारीक भाग असतात," बाई म्हणाल्या. "आपण खातो त्यातून पेशीला लागणारी ताकद ते तयार करतात. काम करता करता त्यातले काही बिघडतात. बिघडलेला तसाच राहिला तर ताकद देत नाहीच, उलट पेशीला आतून पोळणारी द्रव्यं सोडत बसतो. म्हणून धडधाकट पेशी त्याला हुडकते, त्याच्यावर खूण करते, मग त्याच्याभोवती पिशवी तयार होते आणि तो आतल्या आत पचवला जातो. त्यातलं कामाचं पेशी परत वापरते. हे रोज चालू असतं, तुमच्या-माझ्या नकळत."

"अन् मह्यात?"

"ती खूण करणारं एक प्रथिन असतं, पार्किन. तुमच्या शरीरात ते धड तयारच होत नाही. बिघडलेलं ओळखू आलं तरी खूण पुरी पडत नाही, म्हणून ते हलत नाही, साचत राहतं. हालचालीला हुकूम देणाऱ्या मेंदूतल्या काही पेशींना ताकद फार लागते. त्या हळूहळू मरतात. मेलेल्या परत येत नाहीत. त्या जे द्रव्य तयार करायच्या, ते मी तुम्हाला गोळीतून देते."

कमलबाईनं विचारलं की मी काही केलं म्हणून हे झालं का. बाई म्हणाल्या, नाही, तुम्ही काही केलं नाही, कुणी तुम्हाला काही केलंही नाही. एरवी हे वाक्य तिनं गावभर मिरवलं असतं. आता तिचं लक्ष पुढच्याकडं होतं.

पुढचं असं होतं. पार्किन कसं बनवायचं याची एक प्रत आईकडून येते, एक वडलांकडून. एक बिघडली तर दुसरी भागवते, माणसाला काही होत नाही. कमलबाईच्या दोन्ही बिघडलेल्या. सोमेश्वरकडं त्यातली एक गेलेलीच आहे, पण वडलांची चांगली असल्यानं तो ठणठणीत राहणार. भावाच्या अंगात तीच प्रत असण्याची शक्यता मोठी, आणि त्याच्याकडून पोरीत आली असू शकते. दोघांची लेकरं झाली तर दोन बिघडलेल्या प्रती एका लेकरात एकत्र येऊ शकतात. लग्न करू नका असं मी म्हणत नाही, बाई म्हणाल्या, पण मुलीचं आणि भावाचं रक्त आधी तपासा. कळून ठरवा.

घरी आल्यावर माणिकरावला सांगितलं. तो म्हणाला की रामकिशनला हे सांगायचं म्हणजे तुमच्या रक्तात खोट आहे असं त्याच्या दारात जाऊन म्हणायचं. उद्या बातमी फुटली तर त्याच्या पोरीला दुसरीकडंही कोण करून घेईल? होईल न होईल त्याच्यासाठी आज आग लावायची का? तो वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

सोमेश्वरला सांगणं त्याहून अवघड गेलं. तो आईचं सगळं ऐकून घेऊन शर्टाची बटणं काढघाल करत राहिला. शेवटी त्यानं एवढंच म्हटलं की माय, सुपारी होऊ दे, मग बघू. ती म्हणाली, मग कोण बघणार? त्यावर तो उठून गेला.

चार दिवस ती मशीनवर बसली आणि एकही ब्लाउज पुरा केला नाही. कापड कापायला घेतलं की तिच्या डोळ्यासमोर एक पोर यायचं, अजून जन्मालाही न आलेलं, शाळेच्या वाटेवर पाय वळलेलं, आणि मागून हसणारी पोरं. मग रामकिशनचा चेहरा यायचा. आपण बोललो तर माहेर तुटतं, गप्प बसलो तर नातवाच्या पायावर आपल्या हातानं निखारा ठेवतो. कुणीकडून सुटका नव्हती.

सुपारीच्या आदल्या दिवशी, माणिकराव शेतात गेल्यावर, तिनं दाराला कडी घातली आणि साखऱ्याची वाट धरली.

दुपारची गोळी तिनं पदरात बांधून घेतली होती. पण सेनगावला बस बदलताना गाडी आलीच नाही, काळीपिवळी जीप भरेपर्यंत ऊन उतरायला लागलं, आणि दाटीवाटीत पाण्याची बाटली कुणाच्या तरी पायाखाली गेली. कोरडी गोळी तिच्या घशात अडकायची, एकदा त्यावरून जीव घाबरा झाला होता. उतरल्यावर दादाच्या घरी पाणी पिऊ, असं तिनं ठरवलं. फाट्यावर उतरली तेव्हा उजवा घोटा आत कलला होता. गावात शिरली तेव्हा दोन्ही पाय जमिनीला घासत होते.

रामकिशनच्या अंगणात सतरंजी अंथरली होती. उद्याच्या कार्यक्रमाची बोलणी करायला भावकीतली माणसं जमली होती. वाकलेली, हात छातीशी आखडलेली, एकेक पाऊल ओढत येणारी कमलबाई त्या सगळ्यांनी पाहिली. कुणीतरी म्हणालं, ही तर पारूवानी चालून राहिली. आवाज दबका होता, पण तिला ऐकू आला आणि रामकिशनलाही. तो बसल्या जागेवरून उठला नाही. भावजय धावत आली, कमलबाईला काखेत धरून आतल्या खोलीत नेलं, पाणी दिलं. गोळी पोटात गेली. आता ती अंगात उतरेपर्यंत वाट बघायची होती.

थोड्या वेळानं रामकिशन भिंत धरत आत आला आणि बाजेवर बसला. दार त्यानं लोटून घेतलं.

"आजच काहून आलीस?"

तिनं सांगितलं. शब्द जड येत होते, जीभही आखडायची तिची, पण तिनं काही गाळलं नाही. त्या बारीक भागांचं सांगितलं, खुणेचं सांगितलं, दोन प्रतींचं सांगितलं, आरोहीचं रक्त तपासायचं सांगितलं. रामकिशनचा चेहरा ती बोलत असताना बदलत गेला. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून तो दातांतून बोलत होता.

"तुहं दुखणं तुह्या घरी ठेव. मह्या पोरीच्या रक्तात काय हाय ते तू सांगू नको. पारूच्या नावानं आधीच या घरानं लई भोगलं. बाहेर भावकी बसली, तिच्यासमोर तू तशी चालत आलीस. पुरे झालं आता. सोमेशला पोरगी द्यायची का न्हाई ते मी ठरवीन, पण रक्ताबिक्ताचं नाव काढलंस तर या घरचं पाणी तुला बंद."

कमलबाई त्याच्या तोंडाकडं बघू शकली नाही. तिनं नजर खाली घातली, आणि म्हणून तिला त्याचे पाय दिसले. बाहेर अंगणात चपला काढून सगळे अनवाणी बसले होते. रामकिशनच्या पायात मोजे होते. डावा पाय त्यानं उजव्याखाली दाबून धरला होता, जोर लावून, आणि तरी मोज्यातून अंगठा वर उचलला जाऊन बाकीची बोटं आत वळताना दिसत होती. वळायची, दबायची, परत वळायची. दुसरं कुणी असतं तर त्याला काही कळलं नसतं.

तो दर महिन्याला येऊन गप्प का बसायचा, हे तिला त्या घडीला समजलं: तिच्यातलं पारूचं दुखणं त्यानं तेव्हाच ओळखलं होतं, आणि ते आपल्यातही उतरेल या भीतीनं तो त्याचं नाव काढत नव्हता.

"दादा," ती म्हणाली, "कधीपासून?"

त्यानं पाय मागं ओढला. काही नाही म्हणाला. शेतात काटा मोडला म्हणाला. मग ते खोटं त्यालाच पेलेना. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तो खाली बघत बसला. हातांचीही थरथर आता लपत नव्हती.

"दोन-तीन वर्सं झाली," तो म्हणाला. "कोणाला सांगू? पारूला पाठीवर घेऊन फिरलो मी. शेवटी तिनं काय केलं ते ठाऊक हाय ना तुला. मलाबी एक दिवस तसंच वाटंल याचं भेव वाटतं."

"अक्कानं उडी मारली न्हाई."

त्यानं मान वर केली.

कमलबाईनं त्याला सांगितलं. गेल्या पावसाळ्यात शेतातल्या ओढ्याच्या काठावर ती उभी होती. गोळीची वेळ टळली होती. पुढं पाऊल टाकायचं तिनं मनात आणलं, अंग पुढं गेलं, पण पाय जागचे हलले नाहीत. जमिनीला चिकटल्यासारखे. माणिकराव शेजारी होता म्हणून त्यानं दंड धरला, नाहीतर ती सरळ पाण्यात जाणार होती. "काठावर आसं व्हतं दादा. दारात व्हतं, पायरीवर व्हतं. अक्का रोज त्याच विहिरीवर जायची. तिला गोळी नव्हती. पाय ऱ्हायले अन् अंग गेलं, दुसरं काही झालं न्हाई. तिला मरायचं नव्हतं."

रामकिशननं उपरणं तोंडावर घेतलं. आवाज आला नाही, नुसते खांदे हलत राहिले. एवढी वर्षं गावानं आणि घरानं मानलेलं, त्यानं स्वतः मानलेलं, त्या खोलीत मोडून पडत होतं, आणि बाहेर सतरंजीवर चहाच्या कपबश्या वाजत होत्या.

दार उघडलं. आरोही उभी होती. ती कधीपासून दाराबाहेर होती कोण जाणे, पण तिनं सगळं ऐकलं होतं हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"आत्या, मी येते नांदेडला," ती म्हणाली.

रामकिशननं तिला तिथून जायला सांगितलं. ती हलली नाही. मायटोकाँड्रिया आमाला शिकवलंय बाबा, ती म्हणाली, पण हे असं घरात बसलेलं असंल हे कधी मनात आलं न्हाई. वडलांच्या पायाकडं ती आता उघड बघत होती, आणि त्यानं या वेळी पाय लपवला नाही.

तिच्या मागून भावजय आली. माणसं खोळंबली आहेत, उद्याचं काय सांगू, असं तिनं नवऱ्याला विचारलं. ती एकेकाच्या तोंडाकडं बघायला लागली.

रामकिशन उठला. मीच सांगतो म्हणाला. तीन-चार पावलं नीट टाकली आणि उंबऱ्याशी आला, तिथं त्याचे पाय थांबले. टाचा वर उचलल्या जात होत्या, गुडघे थरथरत होते, पण पाऊल सुटेना. अंग पुढं झुकायला लागलं. त्यानं चौकट दोन्ही हातांनी धरली. पलीकडं अंगणातली माणसं बोलायची थांबली होती आणि दाराकडं बघत होती. भावजयीनं तोंडावर हात धरला, तिनं हे कधी पाहिलं नव्हतं.

कमलबाईची गोळी एव्हाना अंगात उतरली होती. ती उठली, भावाच्या बाजूला गेली आणि आपला पाय त्याच्या पावलासमोर आडवा ठेवला.

"खाली बघ. दुसरं काही मनात आणू नको. मह्या पायावरून टांग टाक."

त्यानं खाली बघितलं. तिच्या पायावरून त्यानं पाऊल उचललं, जणू वाटेत आडवं पडलेलं लाकूड ओलांडतोय, आणि दुसरं पाऊल त्याच्यामागून आपसूक आलं. तो उंबऱ्याच्या बाहेर होता. हे तिला नांदेडच्या बाईंनी शिकवलं होतं. घरी माणिकराव तिच्यासमोर असाच पाय ठेवायचा.

अंगणात जाऊन रामकिशननं सांगितलं की उद्या सुपारी होणार नाही. कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, मला दवाखान्यात जायचंय. एवढंच. भावकी उठली, चपला शोधल्या, आणि फाटकाबाहेर पडायच्या आधीच बोलायला लागली.

त्यानंतरचे दिवस कमलबाईला सोपे गेले नाहीत. सोमेश्वरनं घर सोडलं आणि हिंगोलीत खोली केली. आईचा फोन तो उचलायचा, व्हय-न्हाई करायचा, ठेवून द्यायचा. आरोही ठरल्याप्रमाणे नांदेडला आली. बापाला आजार आहे म्हटल्यावर तिच्यात एक बिघडलेली प्रत असणारच होती, आणि रक्तानंही तेच सांगितलं. तिला स्वतःला काही होणार नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही, लग्नाला मनाईही केली नाही. दोघांच्या प्रत्येक लेकराला चारात एक धोका राहील, पोटात असताना तपासता येतं, तेही सांगितलं. पोरीनं ते सगळं ऐकून घेतलं आणि हिंगोलीच्या बसस्टँडवर सोमेश्वरला बोलावलं. तिथं काय बोलणं झालं ते त्यांनी पुरतं कुणाला सांगितलं नाही. एवढंच कळलं की आरोही म्हणाली, दर खेपेला पोटात लेकरू असताना जीव मुठीत धरून बसायचं बळ मह्यात न्हाई, अन् तू ते मागू नको. सोमेश्वरनं मागितलं नाही.

बोलणाऱ्यांची तोंडं बंद होत नाहीत. आरोहीला बघायला येणार होती ती एक मंडळी आलीच नाही. भावजयीनं त्याचा राग कमलबाईवर काढला, फोनवर, रडत रडत. कमलबाईनं ऐकून घेतलं. रात्रीचं जेवण तिला जाईना, पण आपण चुकलो असं तिला एकदाही वाटलं नाही, आणि हेच तिला स्वतःला नवल वाटायचं. आरोही पुढं एम.एस्सी.ला नांदेडला गेली. आता जो कोणी मुलगा येईल त्याला मीच आधी सांगीन, असं तिनं आईला बजावून ठेवलं आहे. नात्याबाहेरचा असला तर धोका फार थोडा, हे तिला पाठ आहे.

सोमेश्वर हळद शिजवायच्या दिवसांत परत आला. कढईखालच्या जाळापाशी बापाला मदत करत राहिला, दोन दिवस आईशी कामापुरतंच बोलला. तिसऱ्या दिवशी दुपारी कमलबाई परड्यातल्या दोन ढिगांच्या मधल्या अरुंद वाटेत अडकून उभी राहिली. माणिकराव लांब होता. सोमेश्वरनं पाहिलं, हातातली पाटी खाली ठेवली, तिच्याजवळ आला आणि आपला पाय तिच्या पावलासमोर आडवा ठेवला.

रामकिशन मात्र दवाखान्यात जाऊनही गोळ्या घेत नव्हता. पुड्या आणून कपाटात ठेवल्या होत्या. एकदा सुरू केल्या की आपण पक्के आजारी, असं त्याला वाटायचं. बहिणीकडं तो आला नाही, दिवाळीतही नाही. कमलबाईनं ताट तयार ठेवलं होतं, ते झाकलेलंच राहिलं.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी तो पुसेगावात उतरला. स्टँडपासून कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून दारापर्यंत आला असावा. ओसरीत बसला, पाणी प्यायला, पिकाचं विचारलं, माणिकरावच्या तब्येतीचं विचारलं. कमलबाई मशीनवर होती, तिनं हातातली शिवण संपवली. मग त्यानं सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि तिच्यासमोर धरली. एकही गोळी फोडलेली नव्हती.

"जेवणाआधी घ्यायची का नंतर?" त्यानं विचारलं.

"आधी," ती म्हणाली. "पोट रिकामं पाहिजे. थांब, पाणी आणते."